वहीतली अफू

आमच्या घरात बटाटा येत नाही. सासूबाई अजून पाणी गाळूनच घेतात, आणि वाड्यात विहीर होती तेव्हा गाळण्यातले जीव पुन्हा विहिरीत सोडायच्या. मला या सगळ्याचा अभिमान होता. अजूनही आहे.

गेल्या वर्षी माळा आवरताना सासऱ्यांच्या आजोबांच्या वह्या निघाल्या. मोडी वाचणाऱ्या एका ओळखीच्यांकडून त्या वाचून घेतल्या. पहिल्या पानावर स्वस्तिक आणि श्री, पुढच्या पानापासून अफू. इतक्या पेट्या मुंबईस, अमक्या गावच्या कुळाला इतकी उचल.

आम्हा इंदूरकरांना यात नवल वाटायला नको. बंगाल-बिहारात अफूचा मक्ता कंपनीकडे होता, पण माळव्यात होळकर-शिंद्यांची राज्यं, म्हणून इथली अफू व्यापाऱ्यांची. ती दमणवरून पोर्तुगीजांच्या आडोशाने चीनला जायची. इंग्रजांनी शेवटी तिच्यावर कर बसवला आणि आपलाही हिस्सा काढून घेतला. चीनने बंदी घातली होती, म्हणून पुढचं सगळं चोरून. 1839 मध्ये लिन झेशू या अधिकाऱ्याने वीस हजारांहून जास्त पेट्या जप्त केल्या, तर इंग्रजांनी आरमार पाठवलं आणि 1842 च्या तहात हाँगकाँग घेतलं. वर नुकसानभरपाईही चीननेच द्यायची!

त्या लिन झेशूची एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. जप्त केलेली अफू मीठ आणि चुना घालून विरघळवली आणि समुद्रात सोडली. त्याआधी त्याने समुद्रदेवतेची क्षमा मागितली, आणि पाण्यातल्या जीवांना थोडे दिवस दूर जायला सांगावं अशी तिला विनंती केली. मासे मरू नयेत म्हणून. हा माणूस जैन नव्हता हो. आणि त्या पेट्यांत आमच्या माळव्याचाही माल होता.

उलट मुंबईचे मोतीशा शेठ. भायखळ्याचं देरासर त्यांचं, 1834 मध्ये पांजरापोळ उभी राहिली ती जमशेटजी जीजीभाईंच्या आणि त्यांच्या पैशावर. चीनच्या अफूच्या व्यापारातही दोघं होते. मी त्यांना ढोंगी म्हणणार नाही. भटक्या कुत्र्यांबद्दलची कळवळ खरीच असणार. कुत्रा दाराशी दिसतो, कँटनचा अफूबाज दिसत नाही, एवढंच.

पण आपल्या शास्त्राने ही पळवाट ठेवलेलीच नाही. हिंसा कृत, कारित आणि अनुमोदित, तिन्ही मोजायच्या. श्रावकाला वर्ज्य धंद्यांत विषवाणिज्य स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे माहीत नव्हतं, असं नाही. साहेबाने करायला लावलं म्हणावं, तर माळव्यात तशी सक्ती नव्हती. सक्ती असलीच तर आमच्या उचलीखाली दबलेल्या त्या कुळावर होती. साम्राज्याला तोफा लागल्या, तशाच आमच्या वह्याही लागल्या.

क्षमावाणीच्या दिवशी सासूबाईंना हे सांगितलं. वाटलं, चिडतील. त्या बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "तुझ्या लग्नातला तो जुना हार त्यांच्याच वेळचा गं."

तो माझ्या कपाटात आहे. यंदा दिवाळीला घातला नाही, पण कुणाला दिलाही नाही अजून.