वेळ सार्वजनिक, घड्याळ खाजगी

मनगटी घड्याळाची निवड हा वरवर पाहता आवडीचा आणि ऐपतीचा प्रश्न वाटतो. तबकडीचा रंग, पट्ट्याचा प्रकार आणि किंमत यांचा मेळ बसला की खरेदी पुरी झाली, असे सामान्यतः मानले जाते. परंतु खिशातला मोबाइल फोन सेकंदापर्यंत बिनचूक वेळ दाखवू लागल्यापासून अचूकता हे घड्याळ घेण्याचे मुख्य कारण राहिलेले नाही, आणि म्हणूनच हे यंत्र कोणत्या हवेत वावरणार, ते कोण उघडणार आणि किती वर्षे चालवायचे, हे प्रश्न आता पुढे आले आहेत. या अर्थाने घड्याळाची निवड म्हणजे त्याच्या देखभालीचा आगाऊ केलेला स्वीकार होय. हे विधान पारखण्यासाठी उत्तर कोलकात्यातील, हुगळीच्या काठावरचा बागबाजार हा भाग सोयीचा आहे. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने १७४२ मध्ये खणायला घेतलेल्या 'मराठा डिच' या खंदकाचे नाव तेथील एका गल्लीने अजून जपले असल्यामुळे मराठी वाचकाला तो अगदीच परका नाही.

अचूकतेचा मुद्दा आधी निकालात काढणे इष्ट ठरेल. ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असणारी भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून लागू झाली, तरी कोलकात्याने आपली स्थानिक वेळ १९४८ पर्यंत सोडली नाही. मुंबईतही स्थानिक वेळेचा आग्रह दीर्घकाळ टिकला आणि प्रमाणवेळेला तेथील गिरणी कामगारांपासून महापालिकेपर्यंत अनेकांनी विरोध केला. स्थानिक वेळ म्हणजे त्या त्या गावच्या रेखांशावरून ठरणारी वेळ, आणि त्या हिशेबाने कोलकाता ग्रिनिचच्या ५ तास ५३ मिनिटे २० सेकंद पुढे होते. त्या काळी शहराच्या वेळेवर लावलेले बागबाजारातले घड्याळ प्रमाणवेळेच्या घड्याळापेक्षा सुमारे २३ मिनिटे, म्हणजे जवळजवळ एक घटका पुढे असे, आणि तरीही ते चुकीचे नसे.

दुर्गापूजेतील संधिपूजेचे उदाहरणही याच दिशेने जाते. अष्टमीची शेवटची एक घटका आणि नवमीची पहिली एक घटका मिळून होणाऱ्या ४८ मिनिटांत ही पूजा उरकावी लागते, त्यामुळे शंभर वर्षांहून जुन्या बागबाजार सार्वजनीन पूजेतही घड्याळाकडे लक्ष ठेवणे भाग असते. पण तो काळ नेमका केव्हा सुरू होतो याविषयी जुन्या गणिताची गुप्त प्रेस पंजिका, म्हणजे बंगाली पंचांग, आणि १८९० पासून निघणारी, प्रत्यक्ष ग्रहस्थितीशी जुळवून घेणारी विशुद्ध सिद्धांत पंजिका यांचे नेहमी एकमत होतेच असे नाही. टिळक पंचांग आणि इतर पंचांगे यांतील फरक पाहिलेल्या महाराष्ट्रीय कुटुंबांना यात काही नवल वाटू नये. कोणती वेळ खरी मानायची, हे सरकार, रेल्वे, पंजिका आणि समाज ठरवतात. घड्याळ ती मान्य झालेली वेळ पुढे वाहून नेते, इतकेच. वेळ अशी सार्वजनिक असल्यामुळे तिच्या अचूकतेचे श्रेय घड्याळाच्या मालकाला फारसे घेता येत नाही. त्याच्या हाती राहते ते यंत्राचे आरोग्य.

या दृष्टीने पाहिल्यास घड्याळांचे दोन मुख्य वर्ग देखभालीच्या दोन पद्धती ठरतात. क्वार्ट्झ घड्याळात सेलच्या विजेवर स्फटिकाची एक चिमुकली पट्टी सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावते आणि त्या कंपनांच्या मोजणीवर काटे फिरतात. महिन्याला काही सेकंदांचाच फरक पडतो, आणि सेल संपताच तो बदलणे हे मालकाचे मुख्य काम असते. संपलेला सेल तसाच आत राहिला तर त्यातून रसायन झिरपून यंत्र खराब होते, हे मात्र अनेकांच्या ध्यानात नसते. चावीच्या किंवा ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरून घेणाऱ्या, घड्याळात गुंडाळलेल्या स्प्रिंगची शक्ती दातेरी चाकांमधून एका डोलणाऱ्या चाकापर्यंत जाते आणि केसासारखी बारीक कमान त्याचा डोल नियमित ठेवते. येथे दिवसाला काही सेकंदांचा फरक सहज पडतो. आतले वंगण कालांतराने सुकते, त्यामुळे साधारण चार-पाच वर्षांनी यंत्र उघडून धुणे व पुन्हा तेल देणे आवश्यक होते. लोहचुंबक असलेल्या स्पीकरजवळ घड्याळ ठेवल्यास बारीक कमानीची वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ एकाएकी फार पुढे पळू लागते. हा दोष साध्या उपकरणाने काही क्षणांत दूर होतो, परंतु तो ओळखणारा माणूस जवळपास असावा लागतो.

बागबाजारच्या हवेत मात्र या दोन्ही वर्गांचा शत्रू एकच, आणि तो म्हणजे दमटपणा. पावसाळ्यात ओलसर हवा झिजलेल्या किंवा कडक झालेल्या रबरी कड्यांमधून घड्याळाच्या डबीत शिरते, आणि घामेजल्या रस्त्यावरून श्यामबाजार स्थानकात उतरून मेट्रोच्या थंड डब्यात बसणाऱ्या प्रवाशाच्या घड्याळाची काच एकदम गार झाली की आतल्या बाष्पाचे दव काचेच्या आतल्या बाजूला धरते. काचेवरचे धुके तासाभरात विरले तरी आत शिरलेला ओलावा पोलादी भागांवर गंजाचे काम करतच राहतो, म्हणून ते दिसताच घड्याळ उघडून वाळवून घेणे शहाणपणाचे असते. तबकडीवरील '३० मीटर' या अक्षरांचा अर्थही नीट समजून घ्यायला हवा: प्रयोगशाळेतील स्थिर दाबाला दिलेली ती मोजणी असून पोहण्याच्या खोलीशी तिचा संबंध नाही. हात धुताना उडणारे थेंब असे घड्याळ सोसते, पण घाटावर बुडी मारायची असेल तर १०० मीटरचे घड्याळ आणि पूर्ण आत दाबलेली किंवा घट्ट पिळलेली चावी, एवढी किमान तयारी हवी. सेल बदलताना रबरी कडीही तपासावी, घामाचे क्षार मऊ ओलसर फडक्याने पुसावेत, आणि चामड्याच्या पट्ट्याऐवजी पोलादी किंवा रबरी पट्टा वापरावा, कारण दमट कपाटात चामड्यावर बुरशी यायला फार दिवस लागत नाहीत.

निवडीतील सर्वांत दुर्लक्षित कसोटी दुरुस्तीची आहे. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या एचएमटीच्या घड्याळ कारखान्याने 'जनता'सारखी चावीची घड्याळे देशभर पोहोचवली. त्यातील १७ 'ज्वेल', म्हणजे चाकांच्या टोकांखाली बसवलेले कृत्रिम माणकाचे खडे, घर्षण कमी करून झीज रोखतात. एचएमटी वॉचेस बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये मंजुरी दिली, तरी ही घड्याळे चालती राहू शकतात, कारण त्यांची रचना साधी आहे, सुटे भाग विपुल आहेत आणि ती उघडण्याचा हात बसलेले कारागीर लालबाजारजवळच्या राधाबाजारसारख्या जुन्या घड्याळपेठांत आढळतात. मात्र याच विपुलतेमुळे वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून आणि तबकडी नव्याने रंगवून जुन्या मालाच्या नावाने विक्रीही होते. म्हणून छपाईची धार, काट्यांचा प्रकार आणि यंत्रावरील खुणा परस्परांशी जुळतात का, हे पाहिल्याशिवाय जुने घड्याळ घेऊ नये.

यावर असा आक्षेप घेता येईल की दुरुस्तीचा खर्च नव्या क्वार्ट्झ घड्याळाच्या किमतीहून अधिक होत असेल, तर जतनाचा हा आग्रह केवळ हौस ठरतो. आक्षेपात तथ्य आहे, आणि ज्याला आठवणीने चावी देणे किंवा दर काही वर्षांनी कारागिराकडे जाणे जमणार नाही, त्याच्यासाठी साधे, पाणी न शिरणारे क्वार्ट्झ घड्याळ हीच प्रामाणिक निवड होय. दोष स्वस्त घेण्यात नाही. देखभालीची तयारी नसताना देखभाल मागणारे यंत्र केवळ प्रतिष्ठेसाठी घेण्यात आहे. असे घड्याळ कितीही महाग असले तरी चार-पाच पावसाळ्यांत त्याची किंमत त्याच्या डबीपुरतीच उरते. म्हणून दुकानात किमतीची चिठ्ठी उलटून पाहण्याआधी हे घड्याळ पाच वर्षांनी कोण उघडेल, असे विचारावे, आणि त्याचे उत्तर मिळेल तेच घड्याळ, मग ते कोणत्याही भावाचे असो, घेण्याजोगे समजावे.