खतना, कायदा आणि बहिष्काराची भीती

दाऊदी बोहरा समाजात मुलगी सात वर्षांची झाली की तिचा खतना करण्याची प्रथा आहे. धार्मिक परिभाषेत तिला खफ्ज म्हणतात. ज्या बायका पुढे याविषयी उघड बोलल्या, त्यांच्या हकिकती एकमेकींशी विलक्षण जुळतात. आजी किंवा आत्या आइस्क्रीमचे आमिष दाखवून मुलीला बाहेर नेते; मुंबईत असेल तर भेंडीबाजाराच्या आसपासच्या एखाद्या जुन्या इमारतीत. खोलीत एक अनोळखी बाई असते. मुलीला आडवी करतात, चड्डी काढतात, कुणीतरी पाय घट्ट धरते आणि ब्लेडने क्लिटोरिसवरची त्वचा कापली जाते. मग घरी परतताना बजावले जाते, हे कुणाला सांगायचे नाही.

या प्रथेचे समर्थक एकच मुद्दा पुन्हा पुन्हा मांडतात: आफ्रिकेत होते ते वेगळे, इथे नुसता नखाएवढा छेद असतो, त्याने काही बिघडत नाही. हा दावा सगळ्यांत जास्त पसरलेला आहे आणि म्हणूनच तो नीट तपासला पाहिजे. सात वर्षांच्या मुलीच्या शरीराचा हा भाग काही मिलिमीटरांचा असतो. भूल नाही, नीट उजेड नाही, मूल भीतीने तडफडते आहे. अशा वेळी वरची त्वचा तेवढी निघेल आणि खालच्या मज्जातंतूंनी भरलेल्या भागाला धक्का लागणार नाही, याची हमी निष्णात शल्यचिकित्सकही देणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने स्त्रीच्या जननेंद्रियांच्या विच्छेदनाचे चार प्रकार केले आहेत. त्वचा कापणे पहिल्या प्रकारात येते, आणि वैद्यकीय कारणाशिवाय नुसते टोचणेही चौथ्यात मोडते. ऑस्ट्रेलियात बोहरा समाजातल्याच एका खटल्यात हाच बचाव झाला होता. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये निर्वाळा दिला की इजा किती मोठी हा प्रश्नच नाही, कोणत्याही प्रमाणातली इजा कायद्याच्या कक्षेत येते.

छेद निरुपद्रवी असता तरी प्रश्न सुटत नाही. तो कशासाठी केला जातो, याचे समाजातच वारंवार दिले जाणारे एक उत्तर असे, की बाईची कामवासना आवरली जावी. ज्या मुलीला वासना म्हणजे काय हेही ठाऊक नाही, तिच्या पुढच्या आयुष्यातल्या सुखावर तिला न विचारता घेतलेला हा निर्णय आहे. मुलग्यांच्या सुंतेशी तुलना इथेच कोसळते. सुंतेवर स्वतंत्र चर्चा जरूर व्हावी, पण पुरुषाची कामवासना आवरण्यासाठी ती केली जाते असे तिचे आजचे समर्थक सांगत नाहीत.

२०१७ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयात खतन्याविरुद्ध याचिका दाखल झाली. त्याच वर्षी केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने न्यायालयाला कळवले की भारतात अशी प्रथा असल्याचे दाखवणारी अधिकृत आकडेवारी नाही. गुन्ह्यांच्या नोंदीत ज्या कृत्याला रकानाच नाही, त्याची आकडेवारी कुठून येणार? पुढे महान्यायवादींनी याचिकेची बाजू उचलून धरली, हे नोंदवले पाहिजे. २०१८ मध्ये प्रकरण पाच न्यायाधीशांच्या पीठाकडे गेले आणि २०१९ मध्ये शबरीमला मंदिरातल्या स्त्रियांच्या प्रवेशाच्या प्रश्नाबरोबर आणखी मोठ्या पीठासमोरच्या घटनात्मक वादात गुंतले. दरम्यान दर वर्षी नव्या मुली सात वर्षांच्या होत राहिल्या.

सुधारणा समाजातून यावी, सरकारने लादू नये, हा युक्तिवाद मराठी वाचकाला नवा नाही. संमतिवयाच्या वादात टिळकांनी तो पूर्ण ताकदीने मांडला होता. त्या वादामागे बंगालमधल्या फुलमणी दासी या बालवधूचा मृत्यू होता. १८९१ च्या कायद्याने संमतिवय दहावरून बारा केले. समाज आतून जागा होईपर्यंत थांबायचे, तर त्या थांबण्याची किंमत समाजधुरीण मोजत नाहीत. ती मुलगी मोजते.

कायद्याने ही प्रथा वाकते, याचा पुरावा बोहरा समाजानेच दिला आहे. त्याच ऑस्ट्रेलियन खटल्यात सिडनीत २०१५ मध्ये ज्युरीने आरोपींना दोषी ठरवल्यानंतर, २०१६ मध्ये सिडनी, लंडन आणि अमेरिकेतल्या काही शहरांमधल्या जमातींनी सभासदांना लेखी कळवले की देशाचा कायदा पाळा, खतना करू नका. श्रद्धा तीच, धर्मगुरू तेच. जिथे कायदा स्पष्ट होता तिथे धर्माला वाट सापडली.

तरीही नुसत्या बंदीवर विसंबता येत नाही. केनियातल्या मेरू भागात १९५६ मध्ये बंदी आली, तेव्हा मुलींनी ब्लेड घेऊन स्वतःच एकमेकींना कापले. इजिप्तमध्ये २००८ पासून कायदा आहे. तरी डॉक्टरांच्या हातून ते काम चालूच राहिले.

सेनेगलचा अनुभव इथे जास्त बोलका आहे. १९९७ मध्ये मालिकुंडा बांबारा गावातल्या बायकांनी आरोग्य आणि हक्कांचे शिक्षण घेतल्यानंतर प्रथा सोडल्याचे जाहीर केले आणि शेजारच्या गावांचा रोष ओढवून घेतला. डेंबा दियावारा या इमामाने नेमके बोट ठेवले: मुली सोयरिकीच्या गावांत नांदायला जातात, तेव्हा एका गावाने ठरवून भागणार नाही. ते गावोगाव पायी फिरले. १९९८ मध्ये दियाबुगू इथे तेरा गावांनी एकत्र घोषणा केली. चीनमध्ये मुलींचे पाय बांधण्याची रूढीही अशीच मोडली होती: मुलीचे पाय बांधणार नाही आणि पाय बांधलेली सून आणणार नाही, अशा जोडशपथा पालकांनी घेतल्या. पाय बांधणे आणि स्त्रीच्या जननेंद्रियांचे विच्छेदन या दोन्ही रूढी एका सूत्रात बसतात, हे गेरी मॅकी या अभ्यासकाने १९९६ मध्येच दाखवले होते. आईला प्रथा प्रिय असतेच असे नाही. एकटे पडण्याची भीती तिला बांधून ठेवते.

बोहरा समाजात या भीतीचे नाव बहिष्कार आहे. जमातीबाहेर काढलेल्या कुटुंबाची सोयरीक, मशीद, कब्रस्तान, सगळे तुटते. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये बहिष्काराविरुद्ध कायदा केला. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बोहरांचे तत्कालीन धर्मगुरू सय्यदना यांच्या अर्जावर तो रद्द केला. सरन्यायाधीश सिन्हा यांनी एकट्याने विरोधी मत नोंदवले, आणि ते आज वाचताना बहुमतापेक्षा अधिक भक्कम वाटते. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला. १९६२ च्या निकालाचा फेरविचार २०२३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला.

खतन्याचा आणि बहिष्काराचा असे दोन प्रश्न वेगवेगळे चालवले जातात, ही चूक आहे. मुलीला कापणे गुन्हा ठरवून आईला जमातीच्या कोपासमोर एकटी सोडली, तर ती गुपचूप कापून घेईल. खतन्यावर स्वतंत्र, स्पष्ट कायदा हवा, आणि ज्या आईने नकार दिला तिच्यावर बहिष्कार टाकणाऱ्यांविरुद्ध २०१६ चा कायदा महाराष्ट्रात प्रत्यक्ष वापरला गेला पाहिजे.