फळीखालचं पाणी

देवबागच्या कर्ली खाडीत एका तरुणाची फायबरची होडी होती, 16 फुटी. मागच्या फळीवर 9.9 हॉर्सपॉवरची, दुसऱ्याकडून घेतलेली मोटर. पहिल्या हंगामात होडी पाण्यावरून घसरत जायची. तिसऱ्या हंगामात ती नाळ वर आणि बूड पाण्यात रुतलेलं, अशी गाभण म्हशीसारखी चालायला लागली. शेजारच्या होड्या पर्यटकांना संगमापर्यंत फिरवून परत यायच्या, तेव्हा हा अजून वाटेतच असायचा.

त्याने निदान केलं, मोटर कमी पडते. 15 हॉर्सपॉवरची नवी घ्यायची. पतपेढीतून कर्जाचा अर्ज आणला आणि जामीनदाराची सही घ्यायला काकांकडे गेला. काकांचं आयुष्य होड्यांच्या मोटरी खोलण्यात गेलेलं. त्यांनी अर्ज वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

“सही करतंय. पण आधी माका एक दिवस होडी दी.”

दुसऱ्या सकाळी काकांनी मोबाइलवर वेळ लावली. जेटीपासून वाकड्या माडापर्यंत, जातानाही आणि येतानाही. ओहोटीचं पाणी एका बाजूला ढकलतं, दुसऱ्या बाजूला अडवतं. एकाच बाजूने मोजणारा स्वतःलाच फसवतो. (आणि बहुतेक जण सोयीच्या बाजूनेच मोजतात.) दोन्ही फेऱ्या मिळून दहा मिनिटं लागली.

मग होडी रेतीवर ओढली आणि काकांनी तळाच्या फळ्या उचलल्या. खाली पाणी. बादलीने उपसून मोजलं तर साठ लिटर भरलं. म्हणजे साठ किलोहून जरा जास्तच वजनाचा, तिकीट न काढलेला प्रवासी रोज होडीत बसत होता. बसत तरी कुठे होता? नाळ उचलली गेली की हे पाणी धावत मागे यायचं आणि बूड आणखी दाबायचं. पाण्यासोबत निघालं ते एक जास्तीचा नांगर, कुजका दोर, फाटकं जाळं, मेलेली बॅटरी. प्रत्येक वस्तू पुतण्याने स्वतःच ‘असू दे, कधीतरी लागेल’ म्हणून टाकली होती.

“गाडी चलना नाय म्हणान बैल बदलूच्या आधी चाकाक वंगण आसा काय ता बघ,” काका म्हणाले. “मोठी मोटर हाडलंस, तरी ती ह्याच पाणी ओढतली. पेट्रोल तेवढा जास्ती पितली.”

होडीच्या पोटाला शेवाळ आणि बारीक शिंपले चिकटले होते. ते दोघांनी खरवडले, नंतर पोट नारळाच्या सोडणाने घासून काढलं. मोटरच्या शेजारी ठेवलेली पेट्रोलची टाकी पुढे सरकवली. पंख्याच्या एका पात्याचा खडकावर आपटून टवका उडाला होता, ती कड कानसीने साफ केली. मोटर फळीपासून जरा जास्तच मागे झुकली होती. कोनाची खीळ एक भोक आत घेतली. एक चूक मात्र खरेदीतच झाली होती. होडीची मागची फळी 15 इंची दांड्यासाठी होती आणि मोटर 20 इंची दांड्याची. त्यामुळे पंख्याच्या वरची आडवी पट्टी, जी होडीच्या तळाच्या पातळीत हवी, ती चांगली पाच इंच खाली पाणी कापत होती. काकांनी फळीवर लाकडी ठोकळा बसवून मोटर उचलली. फार उचलली तर पंखा हवा खातो आणि नुसता फिरतो, म्हणून थोडी थोडी उचलत गेले. दर वेळी होडी पाण्यात लोटून, मोटर सुरू करून मागून थंडाव्याच्या पाण्याची बारीक धार पडते ना, हे बघत.

आता पुतण्याला चेव आला. तो लाइफ जॅकेटं, वल्ही आणि उरलेला एकुलता नांगरही किनाऱ्यावर फेकायला निघाला. काकांनी एकेक वस्तू परत होडीत ठेवली.

“ह्या वझा नाय. हो जीव आसा.”

मला ही गोष्ट सांगावीशी वाटते ती या क्षणासाठी. ओझं काढा म्हणणारे पुष्कळ भेटतात. काय काढायचं नाही, हे सांगणारा काका एखादाच.

दुपारी पुन्हा वेळ लावली. नाळ क्षणभर उचलली गेली, मग खाली आली, आणि होडी पाणी फोडायचं सोडून पाण्यावर चढली. जाऊन येऊन सहा मिनिटं.

जेटीवर शेजारच्या होडीवाल्याने विचारलं, नवी मोटर कितीला पडली? पुतण्या काही बोलला नाही. हातातल्या डब्याने तो तळाचं उरलंसुरलं पाणी उपसत होता.

अर्जावर काकांची सही झालीच नाही. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी त्या महिन्याच्या भरती-ओहोटीच्या वेळा लिहून ठेवल्या.