कष्टाने मोकळी केलेली जागा

अमेरिकेतील बोस्टन शहराचे नाव आपल्या मंडळ्यांना परके नाही. 1813 साली मुंबईस आलेले गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट ज्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी होते, त्याची कचेरी दीर्घकाळ तेथेच होती. या शहरी हिवाळ्यात बर्फ पडतो. 6 व 7 फेब्रुवारी 1978 च्या वादळात तो 27 इंच पडला. शहराबाहेरील एकाच हमरस्त्यावर सुमारे तीन हजार मोटारी गाडल्या गेल्या. वाहनांना बंदी झाली, लोक पायी हिंडू लागले, आणि ज्यांची एरवी केवळ तोंडओळख होती ते शेजारी फावडी घेऊन एकमेकांची दारे मोकळी करू लागले.

परंतु त्याच शहरी दुसरीही एक चाल आहे. रस्त्याकडेला बर्फात पुरलेली मोटार तासन्‌तास खपून बाहेर काढावी, आणि कामावर जाताना त्या मोकळ्या जागी जुनी खुर्ची ठेवावी. अर्थ हा की, जागा माझी! येथे आम्हांला प्रश्न पडतो: रस्ता सर्वांचा असता केवळ कष्टाने तो एकाचा होतो काय?

खुर्ची ठेवणाराची बाजू लटकी नाही. तो घाम गाळीत असता जो अंथरुणात पडून राहिला, त्याने आयत्या जागेवर यावे हा न्याय नव्हे. पण रात्रपाळी करून परतणारी परिचारिका, किंवा ज्याच्या हृदयाला फावडे झेपत नाही असा वृद्ध, हे काही आळशी नव्हेत. शिवाय उपसलेला बर्फ टाकला कोठे? पुष्कळदा दुसऱ्याच्याच वाटेवर! नगरपालिकेने म्हणून मधला मार्ग काढला आहे. आणीबाणी उठल्यावर 48 तासांनी खुर्ची हटवावी लागते. घरापुढील पायवाट मात्र ज्याची त्याने साफ करावयाची, आणि तीही निदान 42 इंच रुंद, म्हणजे अपंगाची चाकाची खुर्ची जाईल एवढी. एक खुर्ची जागा अडविते, दुसरीसाठी वाट करावी लागते.

अनुवाद 24:19 मध्ये शेतात विसरलेली पेंढी परत आणू नये, ती उपरी, पोरका व विधवा यांच्यासाठी राहू द्यावी, अशी आज्ञा आहे. शेत ज्याने कसले त्याचेच. तो हक्क शास्त्र नाकारीत नाही, त्याला मर्यादा घालते. पौलही गलतीकरांस लिहिताना सहाव्या अध्यायात एकमेकांचे ओझे वाहण्यास सांगतो, आणि लगेच, प्रत्येकाने आपला भार आपण वाहावा असेही म्हणतो. हा विरोध नव्हे. मूळ ग्रीकमध्ये दोन निराळे शब्द आहेत. पहिला दडपून टाकणाऱ्या बोजाचा, दुसरा ज्याने त्याने उचलावयाच्या गाठोड्याचा. धडधाकट माणसाच्या दारातील बर्फ हे त्याचे गाठोडे; तोच बर्फ शेजारच्या विधवेच्या दारी बोजा होतो. तेव्हा आपले दार झाल्यावर फावडे खाली ठेवावे की आणखी दहा पावले जावे, हे शेजारी कोण आहे यावर ठरते.

आपल्याकडे बर्फ पडत नाही. पण एस. टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे आम्हीच, आणि नळावर पहाटेपासून घागरींची रांग लावणारेही आम्हीच. रुमाल टाकणे पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु लेकरू कडेवर घेतलेली बाई समोर उभी राहिली, म्हणजे तो रुमाल कोणी उचलावयाचा? शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मुलांना हा प्रश्न अवश्य विचारावा. मात्र आधी आपण स्वतःला विचारून मगच.