हेल्मेटवरच्या खुणेचे सत्य
जून १९४४मध्ये नॉर्मंडीत उतरलेल्या अमेरिकेच्या १०१व्या हवाई डिव्हिजनच्या हेल्मेटांवर पत्त्यांची चिन्हे होती. ५०६व्या रेजिमेंटचे इस्पिक, ५०२व्या रेजिमेंटचे बदाम, ५०१व्या रेजिमेंटचे चौकट. चिन्हाभोवतीची लहानशी खूण बटालियन सांगे: घड्याळातल्या तीनच्या जागी पहिली, सहाच्या जागी दुसरी, नऊच्या जागी तिसरी.

रंग उडालेल्या हेल्मेटवर आज हेच इस्पिक हुबेहूब काढले, तर ते खरे ठरते का? आकार बिनचूक असूनही विधान खोटे असू शकते. कारण हे चिन्ह नक्षी नव्हे, मृत्यूच्या छायेत वावरलेल्या एका माणसाविषयीची साक्ष आहे. जीर्णोद्धाराने ऐतिहासिक बनावट करू नये, अशी मर्यादा इटालियन जीर्णोद्धार-सिद्धांतकार चेझारे ब्रांदी यांनी १९६३च्या ग्रंथात घातली. ती इथे पाळायलाच हवी. मूळ रंगाचा कण उरला असल्यास तो जपावा. नवे रंगकाम केल्यास आतल्या बाजूला तारखेसह तसे नोंदवावे.