मृगाचा कोंब व भुकेली शेळी

जी वस्तू साऱ्या गावाची आहे, तिच्यातून गरिबाने गरजेपुरते घेतले तर त्यात अन्याय कोणता, असे पुष्कळदा विचारले जाते. आमच्या नाशिक जिल्ह्यातील कुरणांचा विचार केला असता या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सोपे नाही, असे दिसून येते.

येवल्याकडील माळ अथवा अंजनेरीचे उतार वैशाखात पाहावे. मारवेल, पवन्या ही गवते वाळून करडी झालेली असतात. पाहणारा म्हणेल की, ती मेली. परंतु ही गवते वर्षानुवर्षे जगणारी आहेत. आश्विन-कार्तिकात बी पिकले म्हणजे पात्यांतील अन्नरस खाली उतरून बुंध्यात व मुळांत साठतो. कोरड्या दिवसांत पुष्कळ बारीक मुळे मरतात व मातीस कस देतात. मृगाचा पाऊस पडताच जो हिरवा कोंब दिसतो, तो या साठ्यातून उचल घेऊन वर आलेला असतो. पाती वाढून स्वतः अन्न करू लागेपर्यंत मुळांचा खर्चच चालू असतो.

अमेरिकेत नेब्रास्का प्रांती जॉन वीव्हर या पंडिताने खोल चर खणून तेथील गवतांची मुळे तपासली. कित्येक पुरुषभर उंचीहून खोल गेलेली आढळली. पुढे १९५५ साली क्रायडर यांनी दाखविले की, वाढत्या गवताची निम्मी किंवा अधिक पाती कापिली असता मुळांची वाढ काही दिवस थांबते.

आता अडचण अशी की, कोंब जेव्हा सर्वांत दुबळा असतो, तेव्हाच जनावरेही सर्वांत भुकेली असतात. ज्याच्या घरी एकच शेळी आहे, त्याने काय करावे? त्याची भूक खरी आहे. परंतु तिच्यामुळे रिते मूळ भरत नाही. दरसाल असेच चारले तर मारवेल नाहीसे होऊन कुसळे उरतात, आणि त्याची झळ प्रथम त्या शेळीवाल्यासच लागते. कारण त्यास स्वतःचा बांधही नसतो.

म्हणून काही आठवडे कुरण राखणे हे कर्तव्य आहे, असे आम्हांस वाटते. मात्र ज्याच्या वाड्यात गंजी रचलेली आहे, त्याने ज्याच्याजवळ पेंढीही नाही त्यास "थांब" म्हणावे, हा न्याय नव्हे. थांबण्याचा भार सर्वांनी वाहिला पाहिजे. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने चराई बंद केली, परंतु गवत विळ्याने कापून नेण्याची मोकळीक ठेविली. तसेच कार्तिकात कापलेल्या गवतातून काही पेंढ्या गरिबांच्या जनावरांसाठी आषाढापर्यंत राखून ठेविल्या, तर मनाई करण्याचा अधिकार गावास खरोखर प्राप्त होईल.

मनुष्यांविषयीही हेच खरे आहे. आजारातून अथवा कर्जातून जो नुकताच डोके वर काढीत आहे, तो टवटवीत दिसला म्हणून त्याच आठवड्यात त्याच्या दारी वसुलीस जाऊ नये. त्याची कमाई अजून सुरू झालेली नसते. तो साठ्यावरच उभा असतो.