पाय कुठल्या जमिनीवर?

आपलं पोरगं शिकलं, साहेब झालं, की गावचा पाटील असो नायतर ऑफिसातला हेडक्लार्क, एकच उपदेश करतो : आता पाय जमिनीवर ठेव बरं का. मी हा उपदेश शंभरदा ऐकलाय. माझा सवाल साधा आहे. कुठल्या जमिनीवर? पिढ्यान् पिढ्या आमचे पाय जमिनीवरच होते, तेही अनवाणी. जमीन दुसऱ्याच्या नावावर होती. वतनाचा तुकडा होता तिथं त्याच्या बदल्यात साऱ्या गावाची गुलामी होती. ज्यांना मान वर करायची बंदी होती, त्यांना नम्रता शिकवणं हा चावटपणा आहे. त्या नम्रतेला आमच्याकडं लाचारी म्हणतात.

म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मला खुर्ची मिळाली, डोक्यावर पंखा आला, चौथ्या मजल्यावर घर झालं, याची मला लाज वाटत नाही. पोटभर जेवणं ही चळवळीशी गद्दारी नव्हे. गरिबीचं कौतुक ज्यांनी उपाशी रात्र काढली नाही त्यांनी खुशाल करावं.

पण दोस्तांनो, खरी गोची पुढं आहे. हवं ते मिळालं, आता काय? भूक होती तोवर भूकच रस्ता दाखवायची. पोट भरलं की रस्ता आपला आपण शोधावा लागतो. बरेच जण तिथंच बसकण मारतात. या प्रमोशनवरून त्या प्रमोशनवर, जयंतीला निळा फेटा, वर्गणीची पावती, झालं. याला वाढणं कसं म्हणायचं? हे फुगणं आहे.

बाबासाहेबांकडं बघा. कोलंबिया, लंडन, बॅरिस्टरी. १९२३ पर्यंत एका जन्माला पुरून उरेल एवढं मिळवून झालं होतं. वकिली करून सुखात राहता आलं असतं. १९२७ ला ते महाडच्या तळ्यावर होते. पुढं २५ नोव्हेंबर १९४९ चा दिवस. दुसऱ्या दिवशी घटना स्वीकारली जाणार. दुसरा कुणी असता तर हार घालून घेत बसला असता. हा माणूस उठून सांगतो की २६ जानेवारीपासून आपण विसंगतीत पाऊल टाकतोय : राजकारणात समता, आणि समाजात, पैशाअडक्यात विषमता. राजकारणातल्या विभूतिपूजेबद्दलही त्याच भाषणात बजावतो. १९५१ ला मंत्रिपद सोडलं. हिंदू कोड बिल रखडवलं, हे त्याचं एक मोठं कारण. साठी उलटली, शरीर साथ देईना, तरी बुद्धावरचा ग्रंथ लिहीत होते. तो १९५७ ला छापून आला, बघायला ते नव्हते. मिळालेल्या गोष्टीवर उभं राहून पुढचं काय दिसतं, ते हा माणूस दर वेळी बघत होता. मी याला वाढणं म्हणतो.

१८ मार्च १९५६ ला आग्र्यात त्यांनी शिकलेल्या लोकांबद्दलची खंत बोलून दाखवली. ती आपल्याबद्दलच होती. यावर आमचा एक मित्र चिडून विचारतो, समाजासाठी काय केलंस हे फक्त आपल्यालाच का विचारतात? बामणाच्या पोराला विचारतं का कुणी? त्याचं म्हणणं खोटं नाही. पण माझी सीट ज्यांच्या लढ्यानं तयार झाली, त्यांतल्या बहुतेकांना ती कधी मिळाली नाही. ते माझ्याकडं व्याज मागायला येत नाहीत. म्हणून तर हिशेब मलाच ठेवला पाहिजे.

आणि हिशेब फार लांब नाही, माझ्या फ्लॅटच्या खालीच आहे. आमच्या इमारतीचं गटार तुंबलं की झाकण उघडून एक माणूस आत उतरतो. डोक्यावरून मैला वाहण्याविरुद्ध १९९३ ला कायदा झाला, २०१३ ला त्याहून कडक झाला, साधनांशिवाय माणूस गटारात उतरवणं गुन्हा ठरलं. तरी माणसं आत गुदमरून मरतातच. आमच्यातलेच काही म्हणतात, तो आपल्यातला नाही, त्याची जात वेगळी. झालं! जी उतरंड फोडायला निघालो होतो, तिचंच एक मडकं आपण वर चढून बसलो. आय म्हणायची, ‘लेकरा, खुर्ची तुला मिळाली, तू खुर्चीला मिळू नगंस.’

येत्या रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग आहे. गटारसफाईचं कंत्राट विषयपत्रिकेवर आहे. मी सांगणार आहे, मशीन आणा, महिन्याची वर्गणी वाढली तर वाढू द्या, माणूस आत उतरणार नाही. चौथ्या मजल्यावरच्या माणसाचं आडनाव तेव्हा सगळ्यांना नव्यानं आठवेल. आठवू दे.